ऑनलाइन भाडेकरार नोंदणी सेवा: कोकणातल्या भाडेकरूच्या बाजूने परीक्षण

नोंदणी व मुद्रांक विभागाची लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे घर ठरावीक मुदतीसाठी फक्त वापरायला देण्याच्या कराराची, ऑनलाइन नोंदणी ही मालकांच्या सोयीची सेवा म्हणून ओळखली जाते. मंडणगडपासून सावंतवाडीपर्यंत ती वापरलीही तशीच जाते. मालक एजंटाला फोन करतो, एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन येतो, भाडेकरू सांगितलं तिथे बोट टेकवतो आणि छापील प्रत मालकाच्या कपाटात जाते. हे परीक्षण त्या भाडेकरूसाठी आहे. लोटे-परशुरामच्या कारखान्यात लागलेला ऑपरेटर, दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकणारी मुलगी, बदली होऊन कुडाळला आलेल्या शिक्षिका, मिरकरवाड्याच्या बंदरावर राबणारं कुटुंब, अशांनी ही सेवा कशी वापरावी आणि कुठे सांभाळावं ते इथे आहे. सेवा चांगली आहे, स्वस्तही आहे. पण मसुदा ज्याच्या हातून भरला जातो त्याच्याच बाजूला ती झुकते. म्हणून माहिती भरताना भाडेकरू शेजारी बसलेला हवाच.

"अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही" या समजुतीने कोकणात भाडेकरूंचं सर्वांत जास्त नुकसान होतं. ती आली आहे १९०८ च्या केंद्रीय नोंदणी कायद्यातून. त्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती आहे, म्हणून लोकांनी एक महिना कमी केला. महाराष्ट्रात मात्र ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे आणि त्याचं कलम ५५ मुदत विचारतच नाही. भाड्याचा असो की लिव्ह अँड लायसन्सचा, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवण्याची जबाबदारी मालकावर आहे. ती त्याने पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. भाडेकरूच्या दृष्टीने त्याहून मोलाचं वाक्य त्याच कलमात आहे: नोंदवलेला करार नसेल तर घर कोणत्या अटींवर दिलं याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत.

स्टँप पेपरवर टाइप करून नोटरीचा शिक्का मारलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे. नोटरी सह्या कोणाच्या ते प्रमाणित करतो, दस्त सरकारी दप्तरात जात नाही. तालुक्याच्या कोर्टाबाहेर असे कागद सर्रास होतात आणि दोन्ही बाजूंना वाटतं की काम झालं.

खर्च किती?

मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते लागतं संपूर्ण मुदतीच्या भाड्यावर, परत न मिळणारी काही रक्कम ठरली असेल तर तिच्यावर, आणि परत मिळणाऱ्या अनामतीच्या वार्षिक १० टक्के धरलेल्या व्याजावर. येणारा आकडा पुढच्या शंभरावर नेतात. नोंदणी फी शहरी भागात १,००० रुपये, ग्रामपंचायत हद्दीत ५०० रुपये. ऑनलाइन दस्ताचं हाताळणी शुल्क ३०० रुपये.

रत्नागिरी शहरातलं उदाहरण घेऊ. भाडं ८,०००, मुदत ११ महिने, अनामत २५,०००. भाड्याचे झाले ८८,०००. अनामतीचं व्याज पूर्ण वर्षाचं धरलं तरी २,५००. बेरीज ९०,५००, त्याचे ०.२५ टक्के म्हणजे २२६ रुपये, शंभरावर नेले की ३००. त्यात १,००० आणि ३०० मिळवा. सरकारला जातात १,६०० रुपये. त्यावरचं जे काही असेल ती एजंटाची फी, आणि ती आधी विचारून घ्यायची. शुल्क सरकारी पैसे ऑनलाइन भरायच्या ग्रास प्रणालीतून भरलं जातं, त्याचं चलान निघतं आणि चलानावर जीआरएन हा सरकारी संदर्भ क्रमांक असतो. चलान मागितल्यावर एजंट टाळाटाळ करत असेल तर पैसे देऊ नका.

आता हाच करार ३३ महिन्यांचा केला तर? भाडं २,६४,०००, व्याज साधारण ७,०००, शुल्क येतं ७००. नोंदणी फी आणि हाताळणी शुल्क एकदाच. एकूण २,००० रुपये. अकरा-अकरा महिन्यांचे तीन करार केले तर ४,८०० होतात. ०.२५ टक्क्यांचा दर ६० महिन्यांपर्यंत सारखाच आहे, तरी बहुतेकजण अकरावरच अडून बसतात, केवळ सवयीने. किनाऱ्यावरच्या गावांत या सवयीची झळ भाडेकरूला वेगळीच बसते. करार १ जूनला सुरू झाला तर अकरा महिने ३० एप्रिलला संपतात, म्हणजे ऐन पर्यटन हंगामाच्या तोंडावर. मालवण, तारकर्ली, गुहागर, गणपतीपुळे या पट्ट्यात मे महिन्यात रोजच्या भावाने खोली देणं मालकाला परवडतं आणि भाडेकरूवर मुलांच्या निकालाच्या दिवसांत सामान बांधायची वेळ येते. शक्य असेल तर २२ किंवा ३३ महिने मागा. मालक अकराच म्हणत असेल तर सुरुवातीची तारीख तरी बदलून घ्या.

अनामत कमी दाखवायची मागणीही नेहमीची. "स्टँप वाचतो" असं सांगितलं जातं. हिशोब करून बघा: ५०,००० रुपये अनामत लपवली तर वर्षाला ५,००० रुपये व्याज कमी धरलं जातं आणि शुल्कात फरक पडतो साडेबारा रुपयांचा. शंभरावर नेण्याच्या नियमामुळे बहुधा तोही पडत नाही. साडेबारा रुपयांसाठी पन्नास हजारांचा पुरावा घालवायचा नसतो. अनामत बँकेतून किंवा यूपीआयने द्या, शेऱ्यात "घर अनामत" लिहा आणि तोच आकडा करारात येऊ द्या.

आकड्यांचा एवढा आग्रह धरण्याचं कारण भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २४. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो, तेव्हा लेखी करारात जे लिहिलं आहे ते निर्णायक पुरावा मानलं जातं. तोंडी कबुली, शेजाऱ्यांची साक्ष यांना तिथे फार जागा उरत नाही. मुदत संपूनही घर सोडलं नाही तर ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. आणि अशा अर्जाचं समन्स हातात पडलं की ३० दिवसांच्या आत प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागावी लागते. ते दिवस चुकले की निकाल मालकाच्या बाजूने जातो. समन्स घरात ठेवून चतुर्थीनंतर वकिलाकडे जाऊ म्हणणारी माणसं इथेच फसतात.

नोंदणीचा क्रम असा. संकेतस्थळावर मिळकतीचा जिल्हा निवडून पासवर्ड ठेवला की टोकन क्रमांक मिळतो. दोन्ही जपून ठेवायचे, कारण अर्धवट मसुदा पुन्हा उघडायला तेच लागतात. मग मिळकतीचा तपशील, दोन्ही पक्षकार, भाडं-अनामत-मुदत, इतर अटी, शुल्क भरणं, अंगठे आणि फोटो, दोन साक्षीदार, आणि शेवटी दुय्यम निबंधकाकडे सादर. निबंधक तपासून नोंदवतात किंवा त्रुटी दाखवून परत पाठवतात. अंगठे लागेपर्यंत मसुदा हवा तितक्या वेळा बदलता येतो. नोंदणी झाल्यावर मात्र चूक दुरुस्तीचा वेगळा दस्त करावा लागतो. म्हणून अंगठा लावायच्या आदल्या रात्री मसुद्याची पीडीएफ मागवून घरात मोठ्याने वाचा. एजंट "उद्या तिथेच बघा" म्हणाला तर थांबा.

मिळकतीच्या तपशिलात कोकणात ठरावीक गोष्टी चुकतात. महसुली गाव एक असतं आणि लोक सांगतात वाडीचं नाव, मग एजंट यादीत जे जवळचं दिसेल ते टिचकवतो. ग्रामपंचायत हद्द की शहर हे चुकलं तर नोंदणी फीच चुकते. घर क्रमांक घरपट्टीच्या पावतीवरून घ्या, तोंडी नको. आणि पावती बघताना नावही बघा. आजोबांच्या नावावरची घरं, सहा चुलत भावांची सामाईक घरं आपल्याकडे भरपूर. करार करून देणारा एक भाऊ, आणि सहा महिन्यांनी दुसरा येऊन म्हणतो "तुला कोणी ठेवलं?" घर सामाईक असेल तर बाकीच्या हिस्सेदारांचं संमतिपत्र मागा, निदान जे गावात येऊन-जाऊन असतात त्यांचं तरी.

मालक मुंबईत असेल तरी अडत नाही, आणि या सेवेचा हा सर्वांत मोठा गुण. दोन्ही पक्षकारांनी एका जागी यायची गरज नाही. मालकाचा अंगठा डोंबिवलीत लागतो, भाडेकरूचा चिपळूणात. "गणपतीला येईन तेव्हा करू" ही सबब त्यामुळे चालत नाही, आणि हे भाडेकरूने नम्रपणे पण ठामपणे सांगावं.

अटी: साचा मुंबईचा, घर कोकणातलं

तयार मसुदा इमारतीतल्या फ्लॅटसाठी पुरेसा आहे. कौलारू घराला तो पुरत नाही. मसुद्यात जादा अटी घालता येतात, पण एजंट सहसा ते कष्ट घेत नाहीत.

पहिली गोष्ट खोल्यांची. "घर क्रमांक अमुक" एवढंच लिहिलं की वाद ठरलेला. पडवी, माजघर, स्वयंपाकघर, मागचं न्हाणीघर भाडेकरूकडे, देवघर आणि माळा मालकाकडे, असं नावानिशी लिहा. सणाला मालकाचं कुटुंब येणार असेल तर त्याचीही अट हवी. गणपतीची तारीख दर वर्षी बदलते, तेव्हा तारखा न टाकता "गणेश चतुर्थीच्या दोन दिवस आधीपासून गौरी-गणपती विसर्जनापर्यंत" असं लिहावं. त्या दिवसांत कोणत्या खोल्या मालक वापरणार, विजेचं बिल कोण भरणार, भाडेकरूचं सामान हलवायचं की नाही, हे सगळं त्यात यावं. घर पूर्ण मोकळं करून द्यायचं ठरलं असेल तर तेवढ्या दिवसांचं भाडं वजा व्हायला हवं. ८,००० रुपये भाड्याच्या घरात १२ दिवसांचे ३,२०० होतात, ही लहान रक्कम नाही. शिमग्याला पालखी घरी येते, तेव्हा एका दिवसासाठी ओटी मोकळी ठेवायची असेल तर तेही लिहा. भाडेकरू त्याला क्वचितच नाही म्हणतो. भांडण होतं ते आयत्या वेळी सांगितल्याने.

दुसरी गोष्ट पावसाची. कौलं परतणं, फुटकी बदलणं, पन्हळी साफ करणं हा खर्च कोणाचा? मालकाने ३१ मेपर्यंत शाकारणी करून द्यावी, न केल्यास भाडेकरूने करून घ्यावी आणि पावती दाखवून भाड्यातून वळती करावी, अशी अट घाला. "पावती दाखवून" हे शब्द हवेतच, नाहीतर वजावट म्हणजे थकबाकी ठरते. विहिरीच्या पंपाचं बिल, एप्रिल-मेमध्ये विहीर आटल्यावर टँकरचा खर्च, माडाचे नारळ कोणाचे आणि ते पाडायला माणूस कोण आणणार, एवढं एकेका ओळीत मावतं.

पूररेषेजवळच्या घरांना स्वतंत्र कलम पाहिजे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूण शहरात शिरलं, तळमजले बुडाले आणि राहणारे बरेच भाडेकरूच होते. खेडला जगबुडी आणि महाडला सावित्री असताना ही अट तिथेही टाळू नये. घर राहण्याजोगं नसेल त्या दिवसांचं भाडं माफ, भाडेकरूला नोटिशीविना सोडायची मुभा, अनामत पूर्ण परत. शिवाय पंचनाम्याच्या वेळी आतल्या सामानाचं नुकसान राहणाऱ्याच्या नावावर दाखवायचं तर तो तिथे राहत होता याचा कागद लागतो. त्या वेळी नोंदवलेला करार मोबाइलमध्ये असला म्हणजे बरं. कागदी प्रत पाण्यात जाते.

वीज-पाण्याबद्दल एक सावधगिरी. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ सांगतं की पुरेशा कारणाविना भाडेकरूचं पाणी, वीज, संडासाची सोय मालकाने तोडायची नाही. पण ते कलम "भाडेकरू" या शब्दावर उभं आहे. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला ते आपोआप लागू होईल असं धरून चालू नका. करारातच लिहून घ्या: मुदतीत मालक वीज-पाणी तोडणार नाही, विजेचा दर महावितरणच्या बिलाप्रमाणे, वर काही नाही. वीज कायदा, २००३ च्या कलम ४३ नुसार घराचा मालकच नव्हे तर ताबाधारकही वीजजोडणी मागू शकतो, हेही माहीत असू द्या.

नोटीस कालावधी दोन्ही बाजूंना सारखा हवा, एक महिना. लॉक-इनची, म्हणजे ठरावीक काळ घर सोडता न येण्याची, ओळ शोधा. एजंटाच्या साच्यात ती पुष्कळदा भाडेकरूपुरतीच असते. अनामत किल्ली देण्याच्या दिवशीच परत, वजावट फक्त बिलाच्या आधारे, उशीर झाला तर व्याज किती, हे आकड्यात लिहा. "योग्य ती वजावट करून" हे शब्द खोडायला लावा. रंगकामाच्या नावाखाली अख्खी अनामत त्या चार शब्दांत जाते.

अंगठा लागत नाही तेव्हा

सेवेचा खरा कच्चा दुवा हा आहे. बोटाचा ठसा आधारशी जुळला नाही की सगळं थांबतं, आणि कोकणात तो न जुळणारी माणसं नेमकी भाड्याने राहणारी असतात. काजूच्या कारखान्यात गर सोलणाऱ्या बायकांच्या बोटांवर टरफलातल्या तेलाने कातडी जळून सोलते, रेषाच उरत नाहीत. चिऱ्याच्या खाणीवर, जाळी ओढणाऱ्यांत, मीठ-बर्फात मासळी निवडणाऱ्यांत तेच. म्हातारी माणसं आहेतच.

उपाय क्रमाने करावेत. हात कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करा, मशीनची काच पुसा. आधारला दहापैकी कोणतंही बोट चालतं, तेव्हा अंगठ्यावर हटून बसू नका, अनामिका किंवा करंगळी कमी झिजलेली असते. आधारच्या ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक लावलेलं नाही ना ते बघा, ते लागलं असेल तर निरोगी बोटही नाकारलं जातं. मशीन जुनं असेल तर एल-वन प्रकारचं (नव्या सुरक्षा पातळीचं) मशीन असलेल्या दुसऱ्या केंद्रावर जा. तरीही जमलं नाही तर आधार केंद्रात बोटांचे ठसे अद्ययावत करून घ्या. काजूचं काम करणाऱ्यांनी कामाला चार-सहा दिवस खंड असताना हे करावं, नवी कातडी आलेली असते.

इतकं करूनही अडलं तर ऑनलाइनचा नाद सोडून दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त कागदावर न्यायचा. तिथे आधारची पडताळणी नसली तरी ओळख पटवणारे दोन साक्षीदार चालतात. सही केल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त सादर करायचा असतो, त्यानंतर दंड भरावा लागतो. आंब्याच्या बागेत राखणीला आणि बोटींवर खलाशी म्हणून येणाऱ्या बऱ्याच नेपाळी कुटुंबांकडे आधार नसतं. त्यांना हाच रस्ता आहे, आणि एजंट "तुमचं होणारच नाही" म्हणतात ते खोटं आहे. या लोकांना ऑनलाइनचं दार बंद ठेवणं हा सेवेतला मोठा दोष आहे आणि तो आम्हाला मान्य होण्यासारखा नाही. पावसाळ्यातलं नेटवर्क आणि वीज यांच्याबद्दल कोकणात वेगळं लिहायला नको. सकाळी लवकर बसावं.

नोंदणी झाल्यावर दोन गोष्टी भाडेकरूच्या मोबाइलमध्ये पाहिजेत: सर्व पानांचा करार आणि सूची क्रमांक दोन. सूची दोन हा एकच कागद, पण सगळं तिथे कळतं. पहिल्या रकान्यात विलेखाचा प्रकार, म्हणजे "३६-अ, लिव्ह अँड लायसन्स" असं दिसलं पाहिजे. चौथ्यात घर क्रमांक आणि मिळकतीचा पत्ता. सातव्यात दस्त करून देणारा मालक, आठव्यात करून घेणारा भाडेकरू. नवव्यात दस्त केल्याची तारीख, दहाव्यात नोंदणीची, आणि अकराव्यात दस्त क्रमांक. हा क्रमांक हाती नसेल तर करार नोंदवला गेला असं मानू नका. पैसे घेऊन फक्त मसुद्याची छापील प्रत हातात ठेवण्याचा प्रकार सूची दोन मागितली की उघडा पडतो. तांत्रिक अडचणीसाठी विभागाची सारथी हेल्पलाइन आहे, ८८८८००७७७७.

पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती देणं हे वेगळं काम. ते मालकाने करायचं, करारासारखं त्याला मूल्य नाही, आणि त्यासाठी भाडेकरूकडून पैसे घ्यायचं कारण नाही. शाळेच्या आरटीई (शिक्षणहक्क) प्रवेशाला पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार द्यायचा तर मात्र तो नोंदवलेलाच लागतो, नोटरीचा चालत नाही.

घर नाकारलं जातं तेव्हा

ही सेवा सुरू होते घर मिळाल्यावर. घर मिळण्याआधी जे होतं त्याला तिथे रकानाच नाही. आडनाव विचारून "खोली गेली" सांगणं, मुसलमान कुटुंबाला, एकट्या बाईला, परप्रांतीय खलाशाला दारातूनच परत पाठवणं आपल्याकडे रोज चालतं. याविरुद्ध सरसकट कायदा देशात नाही. संविधानाचं कलम १५ दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते अशा सार्वजनिक जागांबद्दल बोलतं, खासगी घर त्यात येत नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबावर गावाने सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो, हे लक्षात ठेवण्याजोगं. बाकी लढाई माणसांच्या मनाशी आहे आणि ती स्थानिक गटांनीच लढायची आहे.

त्यात नोंदणीचा उपयोग होतो, तो असा. कोकणातल्या मालकाच्या मनात एक जुनी भीती आहे: "कूळ लागेल." कुळकायद्यात जमिनी गेलेल्या घरांत ती पिढ्यान्‌पिढ्या आहे. पण १९४८ चा तो कायदा शेतजमिनीचा. लिव्ह अँड लायसन्सवर दिलेल्या घरात राहणाऱ्याला मालकीचा किंवा कुळाचा हक्क लागत नाही. उलट नोंदणी न करणाऱ्या मालकाच्या विरोधात कलम ५५ उभं राहतं, आणि कलम २४ चा निर्णायक पुरावा त्याच्या हातून जातो. म्हणजे भीती वाटते म्हणून नोंदणी टाळणारा मालक स्वतःचंच संरक्षण काढून टाकतो. हे मालकाला कोणीतरी शांतपणे, कलम दाखवून सांगायला हवं. भाडेकरूने एकट्याने सांगितलं तर तो भांडखोर ठरतो. बचत गट, शिक्षक संघटना, मच्छीमार सोसायटी, मशिदीची किंवा मंदिराची कमिटी यांच्यातल्या कोणी सांगितलं तर ऐकलं जातं.

असा गट आठवड्यातून एक संध्याकाळ मदतीचं टेबल लावू शकतो. एक लॅपटॉप, वेबकॅम, एल-वन मशीन, प्रिंटर, आणि वर सांगितलेल्या अटींचा मराठी नमुना. आपला दस्त आपण स्वतः भरायला कोणालाही मोकळीक आहे, एजंट सक्तीचा नाही. टेबलावरच्यांनी फी घेऊ नये, चलान नेहमी पक्षकाराने स्वतःच्या खात्यातून भरावं आणि कोणाचाही पासवर्ड लिहून ठेवू नये. एक वही मात्र ठेवावी: कोणत्या मालकांनी सर्वांना घर दिलं. नकाराची यादी करण्यापेक्षा होकाराची यादी जास्त कामाला येते, कारण तिच्यातून पुढच्या कुटुंबाला घर मिळतं.

अनामत अडकली असेल तर आधी स्पीड पोस्टाने पोच पावतीसह नोटीस पाठवा. त्यात करार क्रमांक, किल्ली दिल्याची तारीख, रक्कम आणि १५ दिवसांची मुदत लिहा. दाव्याला मुदत तीन वर्षांची असते, पण तेवढं थांबू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे दावा दाखल होण्याआधीचं प्रकरण म्हणून अर्ज करता येतो. समोरच्याला नोटीस जाते आणि लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याचा दर्जा मिळतो. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्तींनाही. इतरांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा महाराष्ट्रात तीन लाख रुपये आहे. हेल्पलाइन १५१००. केंद्राने २०२१ मध्ये राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापर्यंत मर्यादित केली आहे. महाराष्ट्रात मात्र १९९९ चाच कायदा चालू आहे आणि लिव्ह अँड लायसन्सच्या अनामतीला त्यात अशी मर्यादा नाही. गटांनी आमदारांकडे मागायची गोष्ट हीच आहे.

एक तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये आजच टाका: करार संपायच्या ४५ दिवस आधीची. त्या दिवशी मालकाला लेखी मेसेज करा की राहायचं आहे, नवा करार नोंदवू या. उत्तर "बघू" आलं तर ते मान्यता समजू नका. मुदत संपल्यानंतर भाडं घेतलं जात असलं तरी नवा नोंदवलेला कागद हातात नसेल तर दुप्पट भरपाईची मागणी येऊ शकते. म्हणून जुन्या कराराच्या शेवटच्या तारखेआधी अंगठे लागलेले असावेत, आणि तोपर्यंत दर महिन्याचं भाडं बँकेतूनच जावं.